शेक्सपिअरची पोथी

देवीचं लासूरगाव वेगळं आणि आमचं लासूर स्टेशन वेगळं. दाक्षायणी देवीचं लासूरगाव जुनं. आमचं गाव रुळांच्या कडेनं, मोंढ्याच्या आधारानं वाढलं. कापूस, मका, कांदा आणि येणारी-जाणारी गाडी, एवढ्यावर आमचा सगळा इतिहास. अशा गावात शेक्सपिअरचं काय काम, असं कुणी विचारलं तर मला राग येणार नाही. पुष्कळ वर्षं मीही तेच विचारत होते. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं मला उशिरा सापडलेलं उत्तर आहे. ते उत्तर एका मापाड्यानं दिलं, आणि तो मापाडी माझा बाप होता.

१९८४ साली मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. इंग्रजी विषय घेतला होता. सकाळच्या छोट्या लाईनच्या गाडीनं पोटूळ, दौलताबाद करत तेव्हाच्या औरंगाबादला जायचं आणि दिवेलागणीला परत यायचं. अभ्यासाला ‘मॅक्बेथ’ होतं. म्हणजे पिशवीत ‘मॅक्बेथ’चं गाईड होतं. मूळ पुस्तक ग्रंथालयात दोनच प्रती, आणि त्या कुणाकडे असत ते कधीच कळत नसे. सर वर्गात येत, खुर्चीत बसत आणि टिपणं सांगत. आम्ही उतरवून घेत असू. महत्त्वाकांक्षेचे दुष्परिणाम, सात मुद्दे. चेटकिणींचं नाटकातलं स्थान, पाच मुद्दे. लेडी मॅक्बेथचं स्वभावचित्र, नऊ मुद्दे. वर्षभरात नाटकातलं एक वाक्य कुणी मोठ्यानं म्हटलं नाही. परीक्षेत मला शंभरपैकी अडतीस गुण मिळाले. त्या अडतिसांचं मला दुःख नव्हतं. मनात बसली ती लाज. सारं जग ज्याला मोठा म्हणतं त्याच्यात मला काहीच दिसत नाही, म्हणजे दोष माझ्याच डोळ्यांत असणार. हे आपल्यासारख्यांसाठी नाहीच, असं मी मनाशी ठरवून टाकलं. आमच्या वर्गातल्या निम्म्याअधिक मुलांनी तेच ठरवलं असेल.

पुढे मी शिक्षिका झाले. वैजापूर तालुक्यातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवू लागले, लग्न झालं, मुलं झाली. शेक्सपिअर मात्र मनाच्या कोपऱ्यात न फेडलेल्या उधारीसारखा पडून होता.

पहिली गाठ सुटली ती अगदी अनपेक्षितपणे. आमच्याकडे जत्रेत तमाशा येई. बायकांनी, पोरींनी तमाशाला जायचं नाही, हा नियम. त्यामुळे मी तमाशा कधी पाहिला नाही; मी तो ऐकला. कर्ण्यावरून रात्रभर गावभर आवाज येई. गण, गवळण, बतावणी, मग वग. अंथरुणावर पडून मी सारं डोळ्यांपुढे उभं करी. एका रात्री वगात राजाचा घात झाला, ढोलकी थांबली, आणि तेवढ्यात सोंगाड्या तोंड उघडून काहीतरी अचरट बोलला. सगळा मांडव हसला. मलाही हसू आलं, आणि लगेच अंगावर काटा आला. हसल्यामुळे तो खून जास्त भयंकर वाटला. आणि मला एकदम ‘मॅक्बेथ’मधला द्वारपाल आठवला. राजा डंकनचा खून झालाय, दारावर ठोठावणं चाललंय आणि दारूच्या नशेतला द्वारपाल डुलत डुलत येऊन वात्रट बडबड करतो. गाईडमध्ये या प्रवेशाला ‘विनोदी विसावा’ असं म्हटलेलं होतं, त्याखाली तीन मुद्दे. पण तो विसावा नव्हताच. तो सोंगाड्या होता! ‘हॅम्लेट’मध्ये कबर खणताना कोट्या करणारे ते दोघेही आमच्याच मांडवातले.

मग मी जमेल तसं वाचू लागले, आणि एकेक गोष्ट कळत गेली तसा अचंबा वाढत गेला. लंडनचं ग्लोब थिएटर १५९९ साली उभं राहिलं. मध्यभागी वर छप्पर नाही, खेळ भर दुपारी, दिवे नाहीत, पडदे-देखावे जवळजवळ नाहीतच. एक पेनी देऊन लोक रंगमंचाभोवती उभे राहत; आमच्या भाषेत सांगायचं तर जमिनीवरचं तिकीट. बायकांची कामं पोरसवदा नट करत. ज्युलिएट, ओफिलिया, लेडी मॅक्बेथ या साऱ्या तिथल्या बालगंधर्वांनी केल्या. १६१३ साली ‘आठवा हेन्री’च्या प्रयोगात तोफ उडवली, तिच्या ठिणगीनं गवताचं छप्पर पेटलं आणि अख्खं थिएटर जळून गेलं. त्या काळचे लोक नाटक ‘पाहायला’ जातो म्हणत, तसंच कधी ‘ऐकायला’ जातो असंही म्हणत. म्हणजे अंथरुणावर पडून तमाशा ऐकणारी मी त्यांच्या जवळची होते. गाईडचे मुद्दे पाठ करणारी मी नव्हते.

आपल्याकडे वगातला गडी रंगमंचावर एक फेरी मारतो आणि मथुरेला पोचतो. कुणी ‘नकाशा दाखव’ म्हणत नाही. शेक्सपिअरचं तेच. रात्र झाली हे नट बोलून सांगतो, कारण वर तर लख्ख ऊन आहे. वादळ आलं, जंगल आलं, किल्ला आला, सारं शब्दांनी. आपण पुस्तकात ही वर्णनं वाचतो तेव्हा ती पाल्हाळ वाटतात. उभं राहून म्हटली की तीच नेपथ्य होतात.

आणखी एक कोडं होतं. या लेखकानं बहुतेक गोष्टी दुसरीकडून घेतल्या आहेत. ‘हॅम्लेट’ची कथा जुनी, ‘ऑथेल्लो’ची एका इटालियन कथेतली, राजा लिअरवर तर त्याच्या आधीच एक नाटक होऊन गेलेलं. मग याची थोरवी कशात? हा प्रश्न फक्त परीक्षेच्या पोरीला पडतो. कीर्तनाला बसणाऱ्या माणसाला पडत नाही. हरिश्चंद्राचं पुढे काय होणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी माणसं रात्री बारापर्यंत बसतात, कारण आज बुवा ते कसं सांगतात हे ऐकायचं असतं. गोष्ट माहीत असणं हा रसभंग नव्हे. ती रसाची पहिली पायरी आहे. आजही मला कुणी विचारलं, तर मी सांगते की आधी कथा समजून घ्या, बिनधास्त घ्या, शेवटासकट घ्या. मग नाटकाकडे वळा.

आपले पूर्वज या बाबतीत आपल्यापेक्षा धीट होते. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ साली ‘ऑथेल्लो’ मराठीत आणलं. टिळक आणि आगरकर १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते. आगरकरांनी ‘हॅम्लेट’ला मराठी रूप दिलं ते याच काळात, ‘विकारविलसित’ या नावानं ते प्रसिद्ध झालं आणि त्यात हॅम्लेटचा चंद्रसेन झाला. देवलांनी १८९० साली ऑथेल्लोचा ‘झुंजारराव’ केला. वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी ‘टेमिंग ऑफ द श्रू’ला ‘त्राटिका’ केलं. रामायणातल्या राक्षसिणीचं नाव देऊन ते घरचंच करून टाकलं. शाहूनगरवासी मंडळीतल्या गणपतराव जोशींनी रंगवलेल्या हॅम्लेटची कीर्ती महाराष्ट्रभर झाली. खाडिलकरांच्या ‘सवाई माधवरावांचा मृत्यू’ या नाटकात तर हॅम्लेट आणि इयागो दोघांच्याही सावल्या पुण्याच्या शनिवारवाड्यात वावरतात. या सगळ्यांना कुणी शेक्सपिअरचे मुद्दे सांगितले नव्हते. त्यांना तो खेळायला मिळाला होता. तो पुढे शाळा-कॉलेजात अडकला आणि खेळणाऱ्यांचा न राहता उतरवून घेणाऱ्यांचा झाला.

आता दादांकडे येते. आम्ही वडिलांना दादा म्हणत असू. दादा मोंढ्यात मापाडी होते. शाळा दुसरीपर्यंत. सही येई, आकडे येत. पण कान असा की काट्यावर पोतं ठेवल्याच्या आवाजावरून वजनाचा अंदाज सांगत. धान्य मापताना एक न म्हणता ‘लाभ’ म्हणायचं, मग दोन, तीन. दिवसभर तो ताल तोंडात असे. दर श्रावणात आमच्या ओसरीवर पोथी लागे. एकजण ओवी वाची, दुसरा अर्थ सांगे, मग पुढची ओवी. कळलं नाही तर लोक थांबवून विचारत. कुणाला लाज नसे.

१९९६च्या श्रावणात दादांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. काम सुटलं होतं. मी दर शनिवारी रोटेगावहून गाडी धरून लासूरला येत असे. एकदा माझ्या हातात विंदा करंदीकरांनी केलेला ‘राजा लिअर’चा अनुवाद होता. १९७४ सालचा हा अनुवाद मला जुन्या पुस्तकांत मिळाला होता. “काय वाचती गं?” दादांनी विचारलं. मी म्हटलं, “एका म्हाताऱ्या राजाचं नाटक आहे. तीन लेकींना राज्य वाटून देतो.” दादा म्हणाले, “मग मनात काहून वाचती? पोथी लाव नं त्याची. आधी वाच, मग अर्थ सांग.”

अशी आमची पोथी सुरू झाली. आई भाजी निवडत बसे, शेजारच्या दोन म्हाताऱ्या येत. मी वाची, थांबे, साध्या बोलीत सांगे. आणि मला कळू लागलं की जे सांगता येत नाही, ते मला समजलेलंच नाही. गाईडनं मला बारा वर्षांपूर्वी जे शिकवलं नव्हतं, ते दादांच्या प्रश्नांनी शिकवलं.

पहिल्याच प्रवेशात लिअर भर दरबारात तिघींना विचारतो की माझ्यावर कुणाचं किती प्रेम आहे ते सांगा, त्याप्रमाणे वाटा देतो. थोरल्या दोघी तोंड भरभरून बोलतात. धाकटी कॉर्डेलिया म्हणते की मला काही सांगायचं नाही. नात्यानं जेवढं देणं लागते तेवढं प्रेम आहे, जास्त नाही, कमीही नाही. राजा भडकतो, तिला निकाली काढतो. इथे मी दादांना अर्थ सांगू लागले, तर दादांनी मला थांबवलं. “वाटणी केली त्यात त्याचं चुकलं न्हाई. म्हातारपणी ती करावीच लागती. पन लेकरांला चारचौघांत असं इचारायचं नसतं.” थोडं थांबून म्हणाले, “थोरल्या दोघी भाव बोलल्या. धाकटी वजन बोलली.”

लिअरवर पुढे मी बरंच वाचलं. हे वाक्य मला अजून कुठे भेटलेलं नाही. भाव रोज चढतो, उतरतो, बोलीवर ठरतो. वजन असतं तेवढंच असतं. जास्त नाही, कमीही नाही. आयुष्यभर काट्यापुढे उभ्या राहिलेल्या माणसाला कॉर्डेलियाचं उत्तर उद्धट वाटलं नाही. त्याला ते चोख वाटलं.

राज्य गेल्यामुळे बर्गंडीचा सरदार तिला नाकारतो आणि फ्रान्सचा राजा रिकाम्या हातानं पत्करतो, तेव्हा शेजारच्या एक आजी म्हणाल्या, “बिनहुंड्याची नेली? मग देवमाणूसच की!” आणि ओसरीवर सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या भागात हुंड्यापायी मोडलेली लग्नं कुणी पाहिली नव्हती? त्या एका वाक्यानं सतराव्या शतकातली इंग्लंडची दोन-तीन पानं अर्थ न सांगताच कळून गेली.

पुढे लिअर थोरल्या दोघींकडे राहायला जातो. बरोबर शंभर स्वार ठेवायचे असा करार. थोरली म्हणते, पन्नास पुरेत. तो मधलीकडे जातो, ती म्हणते पंचवीस. मग दहा कशाला, पाच कशाला, आणि शेवटी एक तरी कशाला? मी वाचत होते आणि दादा बोटांवर मोजत होते. “अडत्या असाच भाव पाडतो,” ते म्हणाले. “आधी माल उतरवून घ्यायचा. उतरवला की मग म्हणायचं, ओल हाये, कचरा हाये. शेतकरी गाडी परत नेऊ शकत न्हाई, हे त्याला ठावं असतं.” राजाचा माल उतरवून घेतला होता. गाडी परत नेण्याची सोय उरली नव्हती.

ग्लॉस्टरचे डोळे काढतात तो प्रवेश मी गाळणार होते. दादांच्या डोळ्यांचं ऑपरेशन अजून व्हायचं होतं. पण त्यांनी ओळखलं. “वाच,” म्हणाले. मी वाचलं. डोळे असताना ग्लॉस्टरला कोणता मुलगा खरा ते दिसलं नाही, गेल्यावर दिसलं, असा अर्थ सांगितला. दादा काहीच बोलले नाहीत. त्या रात्री ते जेवतानाही गप्प होते.

श्रावण संपता संपता आम्ही लिअर आणि कॉर्डेलियाच्या भेटीपर्यंत आलो. वेडातून सावध होणारा म्हातारा लेकीला ओळखतो आणि क्षमा मागतो. ओसरीवर कुणी हललं नाही. आई डोळे पुसत होती. पुढे काय होतं ते मला माहीत होतं. कॉर्डेलियाला तुरुंगात फास देतात आणि लिअर तिचं प्रेत हातांवर घेऊन येतो. मला ते वाचवेना. मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, “मग दोघं सुखानं राहिले. संपलं.” दादांनी हात पुढे केला. पुस्तक घेतलं, माझी खूण होती तिथे उघडलं, आणि उरलेली पानं अंगठा आणि बोटात धरून पाहिली. आयुष्यभराची सवय. “अजून एवढी हायेत की,” ते म्हणाले. मी गप्प. त्यांनी पुस्तक परत दिलं. “राहू दे,” म्हणाले.

माझ्या आधी हेच खोटं एका इंग्रज लेखकानं बोललेलं होतं, हे मला फार नंतर कळलं. नेहम टेट नावाच्या कवीनं १६८१ साली ‘लिअर’चा शेवट बदलला. त्याच्या नाटकात कॉर्डेलिया जगते, तिचं लग्न होतं, लिअरला राज्य परत मिळतं. सुमारे दीडशे वर्षं इंग्लंडच्या रंगभूमीवर याच गोड शेवटाचं राज्य होतं. मूळ शेवट लोकांना सोसवत नव्हता. हे वाचलं तेव्हा मला स्वतःची थोडी कमी लाज वाटली.

दादा २००१ साली गेले. आमची जमीन काही फार नव्हती, मापाड्यानं पोटाला चिमटा घेऊन घेतलेली. तेराव्यानंतर वारसांची नोंद झाली, आईच्या आणि दोन्ही भावांच्या नावांबरोबर माझंही नाव लागलं. आणि महिन्याभरात हक्कसोडपत्राचा कागद तयार झाला. भाऊ वाईट नव्हते. आजही नाहीत. कुणी मला धमकावलं नाही, कुणी गोड बोलून फसवलं नाही. तालुक्याच्या गावी जायचं, सही करायची, अंगठा द्यायचा, परत येताना भाऊ साडी घेतो, दिवाळीला माहेर शाबूत राहतं. आमच्याकडे बहिणी सह्या करतात, हा रिवाजच. मीही केली. पेन हातात घेतलं तेव्हा कॉर्डेलिया आठवली, आणि पहिल्यांदाच तिचा हेवा वाटला. चुकीच्या पद्धतीनं का होईना, भर दरबारात का होईना, तिला विचारलं तरी होतं. मला कुणी विचारलंच नाही. दादांनीसुद्धा नाही. त्यांनी लिअरची चूक टाळली: लेकरांना चारचौघांत विचारलं नाही. एकांतातही विचारलं नाही. काही ठरवून, लिहूनही ठेवलं नाही.

त्यानंतर ‘नटसम्राट’ पुन्हा वाचलं. शिरवाडकरांचं हे नाटक १९७० साली रंगभूमीवर आलं, डॉ. श्रीराम लागूंनी गणपतराव बेलवलकर उभे केले, आणि लिअर मराठी घराघरांत पोचला तो त्यामुळेच. एक गोष्ट माझ्या आधी ध्यानात आली नव्हती. बेलवलकरांना एक मुलगा आणि एक मुलगी. म्हातारा दोघांत सारं वाटून देतो आणि दोघांकडूनही दुखावला जातो. तिसरी लेक तिथे नाहीच. कॉर्डेलिया मराठीत येता येता गळाली. शिरवाडकरांना वेगळं नाटक लिहायचं होतं, त्यांच्या नाटकाचा तो दोष नव्हे. पण मला वाटून गेलं, आमच्या सात-बारावरही ती अशीच गळते. कुणी हाकलत नाही. फक्त नाव राहत नाही.

माझ्या लेखी शेक्सपिअर ‘समजला’ तो या सहीच्या दिवशी. तोवर मी त्याच्याकडे बोध मागत होते. महत्त्वाकांक्षा वाईट, कृतघ्नता वाईट, सात मुद्दे. पण लिअरमध्ये चांगली माणसंही मरतात आणि बोध हाती लागत नाही. नाटक तुम्हांला निकाल देत नाही. प्रत्येकाची बाजू त्याच्या तोंडून ऐकवतं आणि बाजूला होतं. थोरली गॉनेरिल म्हणते, म्हाताऱ्याच्या स्वारांनी माझ्या घराची खानावळ केलीय. सून म्हणून नांदलेल्या कुठल्याही बाईला त्यात तथ्य वाटेल. मी भावांना गॉनेरिल ठरवू शकले नाही, ते याच नाटकामुळे.

मग बाकीची नाटकं उघडत गेली. आणि पाहते तो सगळीकडे भाऊबंदकी! ‘हॅम्लेट’मध्ये चुलत्यानं गादी बळकावली. ‘ॲज यू लाइक इट’मध्ये थोरला भाऊ धाकट्याचा वाटा दाबून बसलाय. ‘लिअर’मधला एडमंड अनौरस म्हणून जमिनीला मुकलाय, आणि त्याचा सारा कावा त्या जमिनीसाठी. बेन जॉन्सनच्या ‘व्होल्पोनी’त तर कमाल आहे. मूलबाळ नसलेला एक श्रीमंत मरणाचं सोंग घेऊन पडतो आणि वारस व्हायला टपलेले लोक त्याला भेटी आणून देतात. एक म्हातारा तर त्या आशेनं पोटच्या पोराला बेदखल करतो. शेक्सपिअरच्याच वर्षी, १५६४त जन्मलेला आणि १५९३त भोसकला जाऊन मेलेला ख्रिस्तोफर मार्लो. त्याचा डॉक्टर फॉस्टस चोवीस वर्षांच्या सुखासाठी रक्तानं सही करून आत्मा लिहून देतो. तिथेही शेवटी कागद आणि सही. प्रबोधनकाळ म्हणजे नवे शोध, नवी विद्या असं आपण शिकतो. या नाटकांतली माणसं मात्र आमच्या तहसीलीच्या आवारात उभी असलेली दिसतात.

२०१८ साली चंद्रकांत कुलकर्णींनी ‘हॅम्लेट’ मराठीत पुन्हा रंगमंचावर आणलं. अनुवाद नाना जोगांचा, हॅम्लेट झाले सुमीत राघवन. कुलकर्णी मूळचे आमच्या औरंगाबादचे, ‘जिगीषा’च्या पहिल्या फळीतले. मी तो प्रयोग पाहिला तेव्हा माझ्या मागच्या रांगेत बसलेला एक मुलगा मध्यंतरात मित्राला म्हणाला, “अरे, हे तर कळतंय!” त्याच्या आवाजातलं आश्चर्य मी ओळखलं. तेही कुठल्यातरी अडतीस गुणांतून आलेलं असणार.

वाचकांपैकी कुणाला हा दरवाजा अजून बंद वाटत असेल, तर माझा अनुभव एवढाच सांगतो. कथा आधी जाणून घ्या. चांगला मराठी अनुवाद शेजारी ठेवा. त्यात कमीपणा नाही. मोठ्यानं वाचा, शक्य तर कुणापुढे. दर शब्दाला अडू नका; पोथी ऐकणारा प्रत्येक ओवी कुठे सोडवत बसतो? आणि एक गोष्ट मुद्दाम पाहा: प्रवेशात कोण गप्प उभं आहे. पुस्तकात गप्प माणूस दिसत नाही, कारण त्याच्या नावापुढे ओळ नसते. रंगमंचावर तो सगळ्यांत जास्त दिसतो.

गेल्या हिवाळ्यात धाकटा भाऊ माझ्याकडे आला होता. त्याचं आता वय झालंय. दोन मुलगे, एक मुलगी. वाटणी करून टाकावी म्हणतो. चहा झाल्यावर म्हणाला, “अक्का, तू शिकलेली. काय करू सांग. कायद्यानं पोरीचाही वाटा आहे म्हणतात.” महाराष्ट्रानं १९९४ साली आणि केंद्रानं २००५ साली लेकींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांबरोबरीचा हक्क दिला, हे त्याला माहीत होतं. तो कायदा विचारायला आला नव्हता. बहुधा त्याला मी ‘सही घे’ म्हणावं असं वाटत होतं, बहुधा नव्हतंही.

मी म्हटलं, “तिला विचार.”

“सगळ्यांना बसवून?”

“नाही. तिला एकटीला. आणि ती जे सांगेल ते तोलून बघ.”

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “तुला कुणी विचारलं नव्हतं, अक्का.” चोवीस वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा उच्चारलं गेलं. मी काही बोलले नाही. जास्त नाही, कमीही नाही, एवढं बोलणं मला जमलं नसतं.

तो गाडीनं गेल्यावर मी कपाटातून ‘राजा लिअर’ काढलं. दादांनी धरली होती ती शेवटची पानं एकटीनं, मोठ्यानं वाचून काढली. त्या ओसरीवर अर्धवट राहिलेली पोथी इतक्या वर्षांनी समाप्त केली.